कीड, काडी आणि मशेरी

आपण मराठीत 'दात किडला' म्हणतो. धान्याला कीड लागते, कपाशीला बोंडअळी लागते, तशी दाताला कीड लागते. शब्द इतका अंगवळणी पडलाय की त्यात एक अख्खी विचारसरणी दडलेली आहे हे लक्षातही येत नाही. दातात एक अळी शिरते, ती आतून पोखरते, आणि तिला हुसकून किंवा मारून टाकलं की दुखणं गेलं! ही समजूत काही आपली एकट्याची नव्हे. मेसोपोटेमियातल्या मातीच्या विटांवर दातातल्या अळीबद्दलचे मंत्र सापडतात. चीनमध्ये ती होती, युरोपात होती. आपल्याकडे सुश्रुताने दातांच्या रोगांत एकाचं नावच मुळी 'कृमिदन्त' ठेवलंय. (सुश्रुताने तोंडाचे एकूण ६५ रोग मोजले आहेत. ओठांचे ८, हिरड्यांचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, घशाचे १७ आणि सगळ्या तोंडाचे ३. मी बेरीज करून पाहिली, बरोब्बर येते.)

गेला महिनाभर मी या विषयात बुडालेय. निमित्त भाचीचं. ती पुण्यातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आणि तिचा प्रकल्प आहे दातांतल्या जिवाणूंवर वनस्पतींच्या अर्कांचा परिणाम. तिच्या काचेच्या बश्यांचे फोटो तिने घरच्या ग्रुपवर टाकले आणि जो काय गदारोळ झाला तो झाला. त्याबद्दल पुढे सांगतेच. पण आधी ती अळी.

अळी काढायच्या युक्त्या जगभर होत्या, आणि त्या जवळजवळ सगळ्या वनस्पतींच्या होत्या. मध्ययुगीन युरोपात खुरासानी ओव्याच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्याचा धूर तोंडात घेत. खाली पाण्याचं भांडं. थोड्या वेळाने त्या पाण्यात बारीक पांढऱ्या अळ्या तरंगताना दिसत आणि रोगी खूश! त्या अळ्या नव्हत्याच. उष्णतेने बी फुटून बाहेर पडलेला तो आतला कोंब. धुराने दुखणं मात्र थोडं बधिर होत असणार, कारण ही वनस्पती गुंगी आणणारी आहे. म्हणजे आराम खरा, कारण खोटं. आपल्याकडे हेच काम भुईरिंगणीच्या बियांनी करत. माझ्या आजोळी रिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'कीड पाडून' देणारी एक बाई होती, आईने लहानपणी ती स्वतः घेतली आहे.

आता गंमत बघा. खुरासानी ओवा नावाने ओवा असला तरी त्याचा ओव्याशी काही संबंध नाही. तो वांग्याच्या कुळातला. भुईरिंगणी तर उघडच वांग्याची काटेरी बहीण. आणि याच कुळात तिसरी एक वनस्पती आहे, जी अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आली आणि दातदुखीवरचा उपाय म्हणून घराघरांत शिरली. तिच्याकडे शेवटी यायचंच आहे.

अळीपेक्षा जास्त मला काडीने खिळवून ठेवलं. दातण. चरकाने ते दिवसातून दोनदा करायला सांगितलंय, आणि झाडं निवडायची ती चवीवरून: तुरट, तिखट, कडू. सुश्रुत जास्तच काटेकोर. काडी बारा अंगुळं लांब, करंगळीएवढी जाड, गाठी नसलेली हवी. कडू झाडांत कडुलिंब उत्तम, तुरटांत खैर, तिखटांत करंज. ज्याचं तोंड आलंय, टाळू-ओठ-जीभ दुखतेय, त्याने दातण करू नये असंही लिहून ठेवलंय. म्हणजे डोळे झाकून सगळ्यांना एकच उपाय असं नव्हतं.

याहून मजेदार साक्ष एका परक्या माणसाची आहे. इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू ६७१ साली चीनमधून समुद्रमार्गे निघाला, नालंदेला अनेक वर्षं राहिला आणि ६९५ साली परत गेला. त्याने इथल्या भिक्षूंच्या दिनचर्येवर जे पुस्तक लिहिलं त्यात दातणावर वेगळं प्रकरण आहे. काडी बारा बोटं लांब, आखूडातली आखूड आठ बोटं. एक टोक सावकाश चावून चावून त्याचा कुंचला करायचा, त्याने दात घासायचे, मग जीभ खरवडायची, चूळ भरायची आणि काडी टाकून द्यायची. चीनमध्ये लोक या काडीला 'वाळुंजाची काडी' म्हणायचे, त्यावर हा गृहस्थ चांगलाच वैतागलाय. हिंदुस्थानात वाळुंज मुळात आहे कुठे, ही वेगळी झाडं आहेत, असं तो बजावून सांगतो. आणि इथल्या लोकांना दातदुखी क्वचितच होते, कारण ते काडी चावतात, असाही त्याचा निर्वाळा आहे.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. इत्सिंगच्या वर्णनात चावणं आणि घासणं यालाच सगळा वेळ दिलाय. सावकाश चाव, नीट घास, जीभ काढ, काडी फेक. रोज सकाळी नवा कोरा ब्रश! (नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला १९३८ साली. त्याआधी युरोपात डुकराच्या केसांचे ब्रश असायचे आणि ते वर्षानुवर्षं वापरायचे. शी!)

माझे आजोबा राखुंडी वापरायचे. गोवऱ्यांची राख वस्त्रगाळ करून त्यात मीठ. त्यांचा कडुलिंबावर राग नव्हता पण 'तोंड कडू करून दिवस कशाला सुरू करायचा' असा त्यांचा युक्तिवाद असे. मिठाचं आठवलं कारण याच मिठाने रोज सकाळी दात घासणारा एक माणूस हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी होता, आणि या सगळ्या गोष्टीचा खरा नायक माझ्या मते तोच.

अँटनी व्हॅन लीवेनहोक. धंद्याने कापडवाला. शिक्षण बेताचं, लॅटिन येत नव्हतं. पण भिंगं घासण्यात हात असा की त्याच्या हयातीत त्याची बरोबरी कुणाला जमली नाही. १७ सप्टेंबर १६८३ला त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र पाठवलं. त्यात तो सांगतो की मी रोज मिठाने दात घासतो, काडीने कोरतो, कापडाने पुसतो, त्यामुळे या वयात माझ्याएवढे स्वच्छ दात फार थोड्यांचे असतील. (तेव्हा तो पन्नाशीचा.) तरीही दातांच्या फटीत पिठाच्या घोळासारखं पांढरट काहीतरी राहतंच. ते त्याने काढलं, पावसाच्या स्वच्छ पाण्यात कालवलं आणि भिंगाखाली धरलं. आणि त्यात चिमुकले जीव वळवळत होते, कुणी सुळकन जाणारे, कुणी भोवऱ्यासारखे गरगरणारे. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याचं तोंडही त्याने तपासलं. तिथे तर जत्राच भरलेली!

इथवर बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. मला थांबवलं ते त्याच पत्रातल्या पुढच्या प्रयोगाने. त्याने चांगला कडक व्हिनेगर तोंडात घेतला, दात आवळून खळाखळा गुळण्या केल्या, पाण्याने तोंड धुतलं, आणि पुन्हा फटीतला मळ काढून पाहिला. जीव होते तसेच. मग त्याने तो मळ बाहेर पाण्यात कालवला आणि त्यात व्हिनेगरचा थेंब टाकला. सगळे जागच्या जागी मेले. त्याने लगेच निष्कर्ष काढला की तोंडातल्या व्हिनेगरने फक्त थराच्या बाहेरच्या बाजूचे जीव मारले, थराच्या आत तो पोचलाच नाही.

सव्वातीनशेहून जास्त वर्षांपूर्वीचं हे एक वाक्य आहे, आणि दातांच्या जिवाणूंवर औषध शोधणाऱ्या प्रत्येकाने ते टेबलासमोर चिकटवून ठेवावं असं मला वाटतं. बशीतला जीव मारणं सोपं, दातावरचा मारणं अवघड. कारण दातावर तो एकटा नसतो, वसाहत करून राहतो. भिंती आहेत, गल्ल्या आहेत, आतले-बाहेरचे आहेत. आज याला बायोफिल्म म्हणतात, साध्या भाषेत दातावरचा थर किंवा प्लाक.

पण लीवेनहोकचे ते जीव आणि दाताचं दुखणं यांची गाठ कुणी मारली नाही. फ्रान्समध्ये पिएर फोशारने १७२८ साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला आणि अळीबिळी काही नसते हे सांगून टाकलं, पण अळीच्या जागी काय ते सांगायला दीडशे वर्षं जावी लागली. ते सांगितलं विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने. तो बर्लिनमध्ये होता, रॉबर्ट कॉखच्या पद्धती शिकलेला. काढलेले दात त्याने लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात शरीराच्या उष्णतेला ठेवले आणि ते विरघळायला लागलेले पाहिले. जिवाणू पिष्ट आणि साखर खातात, त्यातून आम्ल तयार होतं, आम्ल दात विरघळवतं. तोंडातल्या सूक्ष्मजीवांवरचं त्याचं पुस्तक १८९०चं. म्हणजे कीड दात खातच नाही! ती आपलं उष्टं खाते, आणि तिच्या मोरीचं पाणी दाताला लागतं.

मिलरने मग जंतुनाशकं तपासली. त्याने गुळण्यांसाठी सुचवलेल्या औषधात थायमॉल होतं. अमेरिकेत १८७९ साली निघालेल्या लिस्टरीनमध्येही थायमॉल, निलगिरीतलं युकॅलिप्टॉल, पुदिन्याच्या जातीतलं मेन्थॉल. सगळी वनस्पतींची देणगी. आणि थायमॉल म्हणजे काय? आपला ओवा! (हा खरा ओवा.) पोट दुखल्यावर आई हातावर जो ओवा आणि सैंधव ठेवायची त्याचा तो झणका थायमॉलचा. पहिल्या महायुद्धाआधी जगातलं बरंचसं थायमॉल जर्मनीत बनायचं आणि त्यासाठी ओवा हिंदुस्थानातून जहाजं भरभरून जायचा. ओवा इथून स्वस्तात न्यायचा आणि औषध महागात परत पाठवायचं. कापसाची गोष्ट शाळेत शिकवतात, ओव्याची कुणी शिकवत नाही.

लवंगेचंही तसंच. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल जिवाणू मारतं आणि दुखणं बधिर करतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दंतवैद्य ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरतं भरण म्हणून वापरत आले आहेत. दातांच्या दवाखान्याला तो जो वास असतो ना, ज्याने आपले पाय दारातच लटपटतात, तो लवंगेचा.

आता भाचीच्या बश्या. तिने किडलेल्या दातांवरून नमुने घेतले, त्यातून स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स नावाचा जिवाणू वेगळा केला, तो बशीभर वाढवला, आणि त्यावर अर्कात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवल्या. लवंग, दालचिनी, कडुलिंब, पेरूची पानं, बाभळीची साल. दुसऱ्या दिवशी जिथे अर्काने जिवाणूंना वाढू दिलं नाही तिथे चकतीभोवती स्वच्छ गोल कडं दिसतं. लवंगेचं कडं सगळ्यात मोठं आलं. फोटो ग्रुपवर पडला मात्र, मामा म्हणाले, "बघा, आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं." काकूने जाहीर केलं की ब्रशपेक्षा रोज एक लवंग चावावी. एका चुलतभावाने घरी करायच्या मंजनाची कृती टाकली, 'सर्व जंतूंचा नायनाट, कोणताही दुष्परिणाम नाही, कारण संपूर्ण वनस्पतिजन्य'. या शेवटच्या 'कारण'पाशी मी अडकले. माझी आजी डोळ्यांसमोर आली. असो, तिकडे येतेच.

भाची मात्र हुशार निघाली. ती म्हणाली, "मावशी, हे कडं म्हणजे फक्त पहिली पायरी आहे गं. व्हिनेगरचंसुद्धा येतं." (लीवेनहोक!) "चकतीवर नुसतं अल्कोहोल टाकलं तरी थोडं येतं, म्हणून ते वेगळं ठेवून तुलना करायची असते." मी तिला विचारलं की मग हा म्युटन्स नक्की करतो तरी काय, आणि त्यातून पुढचं वाचन झालं.

हा जिवाणू १९२४ साली लंडनमध्ये क्लार्क नावाच्या संशोधकाने किडलेल्या दातांतून काढला. तो गोलाचा लांबट होतो, रूप बदलतो, म्हणून म्युटन्स. नंतर जवळजवळ पस्तीस-चाळीस वर्षं त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. १९५४ साली अमेरिकेत ऑर्लंड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना भरपूर साखर खाऊ घातली. दात किडले नाहीत. म्हणजे नुसत्या साखरेने भागत नाही, जिवाणू लागतातच. १९६०च्या सुमारास कीज आणि फिट्झगेराल्ड यांनी हॅमस्टरांवर दाखवलं की हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. मग क्लार्कचा जिवाणू फाइलीतून बाहेर आला.

त्याची खरी करामत अशी की तो साखरेपासून डिंक बनवतो. चिकट, पाण्यात न विरघळणारा डिंक. त्याने तो स्वतःला आणि शेजाऱ्यांना दाताला चिकटवून घेतो. लीवेनहोकच्या व्हिनेगरला आत जाऊ न देणाऱ्या भिंतीचं बरंचसं बांधकाम हेच. हेच साखरेचं प्रकरण स्वीडनमध्ये १९४०च्या दशकात माणसांवर तपासलं गेलं. व्हिपेहोम इथल्या मतिमंदांच्या संस्थेत, तिथल्या रहिवाशांना मुद्दाम चिकट टॉफ्या चारून त्यांचे दात किडू दिले. जेवणांच्या मधे खाल्लेली चिकट साखर सगळ्यात वाईट, हे जगाला त्यातून कळलं. पुढे स्वीडनमध्ये मुलांना फक्त शनिवारी गोळ्या देण्याची पद्धत रुजली ती या निष्कर्षामुळे. ज्यांचे दात गेले त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मुलांना चॉकलेट नाही म्हणताना आपण जे ठामपणे सांगतो त्याच्या मुळाशी हे आहे, आणि ते माहीत असावं.

हिरड्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त साधी. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी धडधाकट हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. औषध नाही, अर्क नाही. नुसतं घासणं.

इथे मला पुन्हा इत्सिंग आठवला. कडुलिंबाच्या काडीचं श्रेय कडुलिंबाला किती आणि काडीला किती? यावर १९९६ साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास मला फार सुंदर वाटला. त्यांनी कडुलिंबाच्या काडीचा पाण्यातला अर्क घेतला. त्यांच्या प्रमाणात तो या जातीच्या जिवाणूंना मारत नव्हता, त्यांची वाढही थांबवत नव्हता. बशीत कडंबिडं काही आलं नसतं! पण त्या अर्कामुळे जिवाणूंचं दाताला चिकटणं कमी झालं आणि डिंक बनवण्याचं कामही मंदावलं. म्हणजे कडुलिंब जे करतो ते भाचीच्या चकतीला दिसणारच नाही. तो शत्रूला मारत नाही, त्याला टेकू देत नाही. आणि उरलेलं कुंचला खरवडून काढतो.

मिस्वाकचं, म्हणजे पिलूच्या मुळाचं, नेमकं उलटं. माझी शाळेपासूनची मैत्रीण रमजानात ते आवर्जून वापरते. त्यात मोहरीच्या झणक्याच्या जातीचं एक द्रव्य आहे, ते २०११ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी तपासलं. हिरड्या बिघडवणाऱ्या काही जिवाणूंचा ते फडशा पाडतं, पण आपल्या म्युटन्सच्या गटाला फारसं भीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली जिथे ही काडी वापरायची रीत आहे तिथे तिला उत्तेजन द्यावं असं म्हटलं होतं. मला ते शहाणपणाचं वाटतं.

मामांना मी हे सगळं फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "म्हणजे पूर्वजांचं बरोबरच होतं की." हो, काडीपुरतं होतं. पण पूर्वजांनीच मशेरीही लावली.

मशेरी. आमच्या आजोळी हा शब्द चहाइतका रोजचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तंबाखूची पानं लोखंडी तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि हाताने चुरून पूड करायची. झाली मशेरी. काही भागांत मिश्री म्हणतात. आजी दुपारी परसात चूल पेटवून भाजायची. तो धूर घशात जाऊन बसायचा, आम्ही पोरं खोकत पळायचो. डबी कमरेच्या पिशवीत. सकाळी उठल्यावर, चहानंतर, जेवणानंतर, रात्री निजताना. चिमूट डाव्या तळहातावर, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने हिरड्यांवरून फिरवायची आणि गप्प बसायचं. त्या वेळी आजीशी कुणी बोलायचं नाही. तिच्या वयाच्या बहुतेक बायका हेच करायच्या. पुरुष चुन्याबरोबर तंबाखू मळायचे, त्याला व्यसन म्हणायचे. बायका मशेरी लावायच्या, त्याला दात घासणं म्हणायचे. त्या एका शब्दाने किती सोय केली! घरातल्या सुनेने तंबाखू खाल्ली असती तर बोभाटा झाला असता.

आजीने ती सुरू केली सोळाव्या की सतराव्या वर्षी, पहिल्या बाळंतपणानंतर दाढ दुखायला लागली म्हणून. सासूने दिली. 'कीड मरते', म्हणून. मग दाढ पडून गेली आणि मशेरी राहिली. ती नाही लावली तर पोट साफ होत नाही, डोकं धरतं, कामात लक्ष लागत नाही. हे सगळं आजी खरंच सांगत होती. निकोटिन सुटताना असंच होतं.

तर ही वांग्याच्या कुळातली तिसरी. 'संपूर्ण वनस्पतिजन्य'. तंबाखूचा काढा पिकावरची कीड मारायला फवारत, त्यामुळे दाताची कीडही मरत असेल असं एखाद्याला वाटलं तर नवल नाही. पण अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१२ साली निकोटिन आणि म्युटन्स यांचाच अभ्यास केला आणि निकोटिनने या जिवाणूचा थर कमी न होता वाढतो असं त्यांना दिसलं. कीड तर मरत नव्हतीच. आणि ती मशेरी हिरडीच्या आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेला दिवसातून चार-पाच वेळा, पन्नास वर्षं लागत होती. तंबाखूतली कर्करोग आणणारी द्रव्यं तर त्यात होतीच, भाजल्यामुळे धुरातली आणखी भर पडली.

हे शास्त्रज्ञांना आपल्याच जिल्ह्यात येऊन कळलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (हो, जिथे अणूंचा अभ्यास चालतो तिथेच) दंतसंशोधनाचा एक विभाग होता आणि डॉ. फली मेहता त्याचे प्रमुख होते. त्यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघर जाऊन माणसांची तोंडं तपासली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची नोंद आहे. एक लाख माणसांना 'आ करा' म्हणणं! पदर तोंडावर घेऊन बसलेल्या बायकांसकट. मला हा आकडा वाचून त्या लोकांना भेटावंसं वाटलं. तोंडातले पांढरे चट्टे, कर्करोग आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या सवयी यांचा संबंध अशा पाहण्यांतून पुढे आला.

३० एप्रिल १९९२ला केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. तोवर तंबाखूचं मंजन राजरोस दुकानात मिळत होतं. एका उत्पादकाने न्यायालयात दाद मागितली, सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली बंदी कायम ठेवली. पण कायदा डबीतल्या मंजनाला लागू होतो. परसातल्या तव्याला तो कसा लागू होणार?

आजी १९८८ साली गेली. डाव्या गालाच्या आत आधी पांढरा चट्टा होता, मग खडबडीत झाला, मग तिखट लागेनासं झालं. भाकरी दुधात कुस्करून खायला लागली तेव्हा सगळ्यांना वाटलं दात गेल्यामुळे. ती पदराआड जेवायची. मुंबईला नेलं तोवर गाठ मानेत उतरली होती. आई सांगते की डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे किती दिवस आहे?" आणि घरातल्या कुणालाच उत्तर देता येईना, कारण तिचं तोंड आतून कुणी पाहिलंच नव्हतं.

आता थोडं घरगुती. इतर वाचकांनी माफ करावं.

वहिनी, तू हा ब्लॉग वाचतेस हे मला माहीत आहे. मावशी अजून तव्यावर भाजते हेही माहीत आहे. तिला ग्रुपवरची लवंगेची मंजनाची कृती फार आवडली, 'आता त्यात थोडी मशेरी मिसळते' म्हणाली, तू हसून मला सांगितलंस. तिच्याशी मशेरी सोडण्यावरून भांडू नकोस, तो कार्यक्रम मी माझ्याकडे घेते. तू फक्त एवढं कर. दुपारी ती उजेडात बसली असताना मोबाईलचा टॉर्च लावून तिचं तोंड बघ. दोन्ही गाल आतून, ओठ उलटा करून हिरड्यांची बाहेरची बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, खरखरीत जागा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम यातलं काही दिसलं तर फोटो काढ आणि मला फोन कर, त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरकडे जाऊ. काही नाही दिसलं तरी जाऊच, पण मग दिवस तिच्या सोयीने ठरवू. ती तोंडावर पदर घेईल. घेऊ देऊ नकोस.